ऐकणाऱ्याचा कान

फ्रान्सिस फोर्ड कपोलांचा ‘द कॉन्व्हर्सेशन’ 1974चा. पन्नाशीनिमित्त 2024च्या जुलैत तो इथे ब्रिटनमध्ये 4के डिस्कवर आला आणि स्ट्रीमिंगच्या जमान्यात मी तो चक्क विकत घेतला. पाळतीवरचा सिनेमा डिस्कवरच बघावा. कुठे थांबलो, कोणता प्रसंग पुन्हा पाहिला, याची नोंद निदान कुठल्या कंपनीकडे जात नाही.

त्याच सुमारास पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दुसराच सिनेमा चालू होता. बाबा तिथे राहतात म्हणून मीही त्या ग्रुपवर आहे. कुणाचं तरी कानातलं सापडेना, आणि सीसीटीव्हीची एक छोटी क्लिप फिरू लागली. धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी पिशवी छातीशी धरून थांबतात, मागे बघतात आणि जिना उतरतात. लिफ्ट सोडून जिना का? पिशवीत काय? क्लिपमध्येच लिफ्टशेजारची पाटी स्पष्ट दिसत होती : ‘कामवाल्यांनी ही लिफ्ट वापरू नये.’ ती कुणी वाचली नाही. क्लिप काढा, आधी मावशींना विचारा, असं मी लिहिलं. उत्तर आलं, ‘लंडनमध्ये बसून बोलायला काय जातंय? ज्याला लपवायचं नाही, त्याला कॅमेऱ्याची भीती कशाला?’

टोमण्याचा पहिला भाग मी मान्य करते. लंडनने पाळतीबद्दल कुणाला शहाणपण शिकवावं अशी स्थिती नाही. चेहरे ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांच्या पोलिस व्हॅन इथल्या रस्त्यांवर सर्रास उभ्या असतात. फरक आहे तो परवानगीत. इथे फोन ऐकायचा तर 2016च्या कायद्याने मंत्र्याच्या सहीनंतर न्यायिक आयुक्ताचीही, म्हणजे आजी किंवा माजी न्यायाधीशाचीही, मंजुरी लागते. आपल्याकडे परवानगी गृहसचिवांची, आणि ती तपासणाऱ्या समितीतही सचिवच. न्यायाधीशाविना सरकारनेच परवानगी द्यायची ही वहिवाट मुळात 1885च्या टेलिग्राफ कायद्यातली, म्हणजे इंग्रजांचीच. 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, तरी सही सचिवांचीच राहिली.

पण न्यायाधीश बसवला की झालं, असं हा सिनेमा बघून म्हणवत नाही. पैसे घेऊन पाळत ठेवणारा हॅरी कॉल (जीन हॅकमन) सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरमध्ये गर्दीत फिरणाऱ्या जोडप्याचं बोलणं लांबून टिपतो. टेप पुन्हा पुन्हा फिरवतो, गोंगाट गाळतो, आणि एक वाक्य वर येतं : संधी मिळाली तर तो (म्हणजे हॅरीला हे काम देणारा) आपल्याला मारून टाकेल. हॅरी ‘मारून’ ऐकतो आणि जोडप्याच्या जिवाला धोका आहे असं ठरवतो. शेवटी तेच वाक्य येतं, या वेळी जोर ‘आपल्याला’वर, म्हणजे त्याआधी आपणच त्याला मारू, आणि बळी कोण, मारेकरी कोण, सगळं उलटं होतं. (पन्नास वर्षांनी रहस्य फोडलं म्हणून कुणी रागावू नये.) ध्वनी सांभाळणाऱ्या वॉल्टर मर्च यांनी तिथे नटाने वेगळा जोर देऊन म्हटलेला टेक वापरला. हॅरीच्या यंत्रात खोट नव्हती, अर्थ त्याने घातला होता.

ग्रुपवरच्या ‘लपवायचं काय’वाल्यांना हे कोण सांगणार? मावशींनी काही लपवलं नव्हतंच. त्यांच्या थांबण्याला अर्थ लावणारे वेगळेच होते, आणि त्यांच्यावर कॅमेरा नव्हता.

इथली एक गोष्ट मात्र मी बिनदिक्कत उचलेन. 2021 मध्ये ऑक्सफर्डच्या कोर्टात दारावरच्या कॅमेऱ्यांवरून शेजाऱ्यांचं भांडण गेलं. न्यायाधीशांना चित्रापेक्षाही आवाजाचं ध्वनिमुद्रण जास्त खटकलं, कारण लांबवरच्या माणसांचं बोलणंही त्यात येत होतं. घराच्या हद्दीबाहेर बघणाऱ्या कॅमेऱ्याला इथे डेटा संरक्षण कायदा लागतो. सोसायटीच्या पुढच्या सभेसाठी बाबांच्या हाती मी दोन ठराव लिहून दिले आहेत : कॅमेऱ्यांचे माइक बंद करा, आणि फुटेज कमिटीबाहेर, विशेषतः ग्रुपवर, जाता कामा नये. बाबा म्हणतात, दुसरा पडेल. पडू दे, पण हात कोणाकोणाचे वर होतात ते इतिवृत्तात लिहून घ्या, असं मी त्यांना सांगितलंय.