टीव्हीने खाल्लेला टास्कबार

भिंतीवर ४३ इंची टीव्ही, त्याला एचडीएमआयने जोडलेला धडधाकट कॉम्प्युटर, आणि पडद्यावर स्टार्टचं बटण अर्धं गायब! घड्याळ चौकटीच्या आड, विंडो बंद करायची फुली वर कुठेतरी वाशांत. अंदाजाने माऊस न्यायचा आणि देवाचं नाव घेऊन टिचकी मारायची. चतुर्थीला मुंबईहून चाकरमानी येतात, त्यातला एक जुना कॉम्प्युटर ‘गावच्या टीव्हीला लावू’ म्हणून घेऊन येतो, आणि मग गणपतीवरची माटवी बांधायची राहते बाजूला, माजघरात सहा जण एका रिमोटवरून भांडत बसतात. शिरा पडो त्या ओव्हरस्कॅनच्या तोंडार!

हे ओव्हरस्कॅन म्हणजे डबा टीव्हीच्या काळातलं दुखणं. काचेच्या नळीत चित्राच्या कडा वाकड्या यायच्या, व्होल्टेज पडलं की चित्र आकसायचं, म्हणून ते जरा मोठं करून कडा चौकटीमागे लपवायची पद्धत. तेव्हा ठीक होतं. एलसीडीला ना नळी, ना वाकड्या कडा, एकेका टिंबाची जागा ठरलेली. तरी आजही कित्येक टीव्ही खोक्यातून बाहेर येतात ते हीच खोड घेऊन. हिशोब बघा. प्रत्येक बाजूने फक्त अडीच टक्के कापले, तरी १९२० × १०८० च्या चित्रातून डावी-उजवीकडे ४८-४८ आणि वर-खाली २७-२७ पिक्सेल जातात. विंडोज १० ची खालची पट्टी १०० टक्के स्केलिंगला, म्हणजे अक्षरं-चिन्हं मोठी न करता, ४० पिक्सेल उंच. त्यातले २७ टीव्हीने गिळले, उरले १३. आणि उरलेलं १८२४ × १०२६ चं चित्र पुन्हा पूर्ण पडद्यावर ताणायचं, म्हणून अक्षरं अशी, जणू चष्म्यावर कुणी खोबरेल चोळलंय.

उपाय रिमोटमधल्या एका सेटिंगचा. पण त्याला नाव काय? कुणाकडे ‘जस्ट स्कॅन’, कुणाकडे ‘स्क्रीन फिट’, कुणाकडे ‘डॉट बाय डॉट’, कुणाकडे ‘फुल पिक्सेल’. सापडतं कधी ‘पिक्चर साइज’मध्ये, कधी ‘अॅडव्हान्स्ड’च्या पोटात तिसऱ्या पायरीवर. ‘ओव्हरस्कॅन बंद’ असं सरळ लिहायला काय पैसे पडतात? त्यात ‘१६:९’ निवडलं की काम झालं असं वाटतं. झालेलं नसतं. बऱ्याच टीव्हीत १६:९ म्हणजे कापलेलंच १६:९. शिवाय हे सेटिंग बहुतेक टीव्ही प्रत्येक पोर्टचं वेगळं धरतात. एक नंबरवर केलंत, साफसफाईत केबल दोन नंबरला गेली, की पुन्हा तेच.

इनपुटच्या यादीत जाऊन त्या पोर्टचं नाव ‘पीसी’ करा. काही टीव्हीत एवढ्यानेच ओव्हरस्कॅन जातं आणि रंगही पूर्ण बारकाव्याने येतो. तपासायचं असेल तर काळ्यावर बारीक लाल अक्षरं लिहून बघा. कडा विरघळल्यासारख्या दिसल्या, तर टीव्ही रंगाची माहिती अर्धीमुर्धीच वापरतोय.

यातलं काही न करता लोक थेट ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये, म्हणजे पडद्यावर चित्र पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, शिरतात आणि स्लायडर ओढून डेस्कटॉप लहान करतात. ‘बसलं बघ!’ बसलं कसलं? कॉम्प्युटरने चित्र आवळलं, टीव्हीने पुन्हा ताणलं, दोनदा वाट लागली. आधी टीव्ही, मग कॉम्प्युटर. चारी बाजूंनी काळी पट्टी दिसत असेल तेवढ्यापुरता दोष ड्रायव्हरचा. तिथे अंडरस्कॅन, म्हणजे चित्र आवळणारा तोच स्लायडर, शून्यावर आणा.

३२ इंची ‘एचडी रेडी’वाल्यांचं नशीब आणखी वेगळं. पॅनेल १३६६ × ७६८ चं, पण एचडीएमआयवर टीव्ही सांगतो ७२० किंवा १०८०. काहीही द्या, चित्र ताणलं किंवा आवळलं जाणारच. तिथे अक्षरांसाठी जीव काढू नका, स्केलिंग १५० टक्के करा आणि सिनेमा बघा.

काळा रंग राखाडी दिसतोय किंवा अंधारातला माणूस अख्खा काळोखात बुडालाय? टीव्ही उजेडाची १६ ते २३५ ची पातळी धरून बसलाय आणि कॉम्प्युटर ० ते २५५ पाठवतोय, किंवा उलट. ड्रायव्हरमध्ये ‘फुल’ किंवा ‘लिमिटेड’ आणि टीव्हीत ‘ब्लॅक लेव्हल’, दोन्हीकडे एकच भाषा ठेवा. ब्राइटनेस वाढवून हे सुटत नाही, कितीही वाढवा.

आता खरी चीड आणणारी गोष्ट. कॉम्प्युटर सुरू होताना केबलच्या १५ आणि १६ नंबरच्या पिनांवरून टीव्हीला विचारतो, बाबा, तू कोण, किती पिक्सेलचा? टीव्हीच्या उत्तराला म्हणतात ईडीआयडी. टीव्ही झोपलेला असेल तर बरेचदा उत्तरच येत नाही, आणि कॉम्प्युटर घाबरून १०२४ × ७६८ नाहीतर ६४० × ४८० धरून बसतो. आपल्याकडे जूनच्या पहिल्या वाऱ्याला आंब्याची फांदी तारेवर पडते, वीज जाते, तासाने येते, पुन्हा जाते. वीज आल्या आल्या कॉम्प्युटर आपोआप उठतो, टीव्ही मात्र लाल दिवा लावून स्टँडबायवर. विचारणारा जागा, सांगणारा झोपलेला. मग पडद्यावर ढब्बू अक्षरं आणि ‘कार्ड गेलं वाटतं’ म्हणून दुकानदाराकडे धाव. कार्ड कुठेही गेलेलं नाही! बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये, ‘रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस’ला ‘पॉवर ऑफ’ करा, आणि नेहमी आधी टीव्ही, दहा सेकंदांनी कॉम्प्युटर. अडकलंच तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि कधी कधी तेवढ्यानेच भागतं. रोजची कटकट असेल तर केबलमध्ये बसणारा ईडीआयडी एम्युलेटर लावा. टीव्ही झोपला तरी त्याच्या वतीने तो उत्तर देतो.

आणि ते अर्थिंग! जांभ्याच्या कातळावर घर, खड्डा हातभर, मीठ-कोळसा घातला की नाही कुणाला आठवत नाही, आणि उन्हाळ्यात त्यात पाणी कोण ओततं? वरून तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या बोर्डात बसावा म्हणून मधली पिनच मोडलेली. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यात, फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून कॅबिनेटला छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर कॅबिनेट २३० च्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास लटकतं. पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात त्या याच. करंट अगदी थोडा, पण तेच कॅबिनेट छपरावरच्या डिशच्या वायरीला जोडलेल्या टीव्हीशी, चालू असताना, एचडीएमआयने जोडलंत तर पोर्टची चिप जाऊ शकते. मग सगळे बोंब मारतात, टीव्ही खराब निघाला. टीव्ही, कॉम्प्युटर, सेट-टॉप बॉक्स तिन्ही एकाच, खरं अर्थिंग असलेल्या बोर्डावर घ्या आणि केबल लावताना तिन्ही बंद ठेवा. परतीच्या पावसात गडगडायला लागलं की डिशची वायरसुद्धा काढा, नुसता प्लग काढून अर्धंच काम होतं.

समुद्राजवळच्या घरात केबलच्या टोकाला हिरवट-पांढरा थर धरतो आणि पडद्यावर चांदण्या चमकायला लागतात, नाहीतर चित्र मधेच दोन सेकंद काळं होतं. तिथे खोबरेल नको, घासपेपर तर नकोच. कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पूर्ण वाळल्यावरच जोडा. तरी चांदण्या राहिल्या तर केबल बदला.

४के टीव्हीवर माऊस चिखलातून ओढल्यासारखा चालतो? रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं ते, बघा. ३० वर असेल. जुन्या कॉम्प्युटरचं एचडीएमआय १.४ चं असतं आणि ४के ला ३० च्या वर जात नाही. ६० हवे असतील तर दोन्हीकडे २.०, केबल १८ गिगाबिटची, शक्यतो पाच मीटरच्या आत, आणि टीव्हीत त्या पोर्टचं ‘एनहान्स्ड’ किंवा ‘डीप कलर’ चालू. हे शेवटचंही मेनूत पुरलेलं, अर्थात. जमत नसेल तर निमूट १०८० वर या, ६० मिळतील.

दशावताराचं २५ फ्रेमचं रेकॉर्डिंग ६० हर्ट्झवर लावलं की राजाची तलवार हिसके खात फिरते, कारण ६० ला २५ ने भाग जात नाही. ५० करा. कोडी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘अॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट’ला ‘ऑन स्टार्ट अँड स्टॉप’ दिलं, की टीव्हीला जमतं तिथे तो स्वतःच बदलतो.

एवढं सगळं जुळल्यावर टीव्हीच्या त्या मेनूचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढच्या चतुर्थीपर्यंत कुणीतरी पोरगं रिमोटवरचं झूमचं बटण दाबणारच.