‘यापेक्षा एक्सेल बरं’ या एक-स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

सविस्तर लिहिलंत, आभार. हॉस्पिटलच्या रेडिएशन ऑडिटसाठीच्या आमच्या सॉफ्टवेअरबद्दल तुमच्या तक्रारी थोडक्यात अशा: ऑडिटचे प्रश्न फार, नुसती टिक चालत नाही, ‘नाही’ उत्तर दिलेला मुद्दा बंद होत नाही, ई-लोरा या सरकारी पोर्टलवर डेटा आपोआप जात नाही, आणि एवढे पैसे मोजण्यापेक्षा एक्सेल काय वाईट होतं.

ई-लोराचं आधी, कारण हा प्रश्न प्रत्येक डेमोत निघतो. ते एईआरबीचं, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाचं पोर्टल. तिथे संस्थेने स्वतःच्या लॉगिनने अर्ज करायचा आणि जबाबदारीही संस्थेची. आम्ही ते लॉगिन मागत नाही. ‘आम्ही सगळं परस्पर भरून टाकतो’ असं कोणी सांगितलंच, तर तुमचा पासवर्ड ते कुठे ठेवतात एवढं जरूर विचारा. मशीनच्या तपासणीचे क्यूए रिपोर्ट, कर्मचाऱ्यांच्या बॅजवरून त्यांचा डोस सांगणारे टीएलडी रिपोर्ट, लायसन्सच्या मुदती एका जागी तयार ठेवायच्या, एवढंच आमचं काम.

आता टिक. ‘कन्सोलपाशी रेडिएशन मर्यादेत आहे का?’ याला ‘हो’ कोणीही म्हणतं. म्हणून आम्ही आकडा, एकक आणि सर्व्हे मीटरच्या (रेडिएशन मोजायच्या यंत्राच्या) कॅलिब्रेशनची तारीख मागतो. काही जुन्या मीटरवर मिलिराँटजेन असतं, नव्यांवर मायक्रोसीव्हर्ट. 1 मिलिराँटजेन म्हणजे ढोबळमानाने 10 मायक्रोसीव्हर्ट. दोन्ही मीटरची रीडिंग एकाच रकान्यात गेली की दहापटीचा घोळ, आणि एक्सेल हूं की चूं करत नाही.

‘कंट्रोल बॅज कुठे ठेवलाय त्याचा फोटो जोडा’ या प्रश्नाला तुम्ही पोरखेळ म्हटलंय. कंट्रोल बॅज कोणी अंगावर लावायचा नसतो, तो रेडिएशनपासून लांब ठेवायचा असतो. त्यावर जे साचतं ते बॅकग्राउंड, म्हणजे आजूबाजूला असतंच ते रेडिएशन, धरून लॅब प्रत्येकाच्या रीडिंगमधून वजा करते. तो बॅज एक्स-रे रूममध्येच हुकाला लटकत राहिला, तर टेक्निशियनचा डोस कागदावर कमी दिसणार, आणि रिपोर्ट बघून सगळे खूश! याच्या उलटही होतं. कर्मचाऱ्याने आपला बॅज छातीवर, शिशाच्या ॲप्रनच्या आत लावायचा. तो ॲप्रनलाच अडकवून ॲप्रनसकट त्या खोलीत टांगून ठेवला, तर न मिळालेला डोस माणसाच्या नावावर चढतो. टिक करून यातलं काहीच कळत नाही, फोटोत लगेच दिसतं.

‘नाही’चा मुद्दा उघडा राहतो, तो मुद्दाम ठेवलाय. कोणी, कोणत्या तारखेपर्यंत दुरुस्त करायचं ते लिहा, ऑडिट सबमिट होतं. तो मुद्दा मात्र काम होईपर्यंत लाल राहतो. सगळं हिरवं दाखवणारा डॅशबोर्ड विकायला सोपा असतो, धंद्यात हे आम्हालाही कळतं. तो हवाच असेल, तर आमचं सॉफ्टवेअर तुमच्यासाठी नाही.

एक एक्स-रे मशीन आणि दोन माणसं असतील तिथे आम्हीच एक्सेल सुचवतो. तुमच्याकडे सीटी, कॅथलॅब आणि ओटीत सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना वापरायचं एक्स-रे मशीन) आहे, असं तुम्हीच लिहिलंय. कर्मचाऱ्याला एका वर्षात 30 मिलिसीव्हर्टच्या वर जाता येत नाही, शिवाय सलग 5 वर्षांची सरासरी वर्षाला 20 च्या आत हवी. रिपोर्ट येणार तिमाहीला, त्यात एखादा टेक्निशियन दुसऱ्या हॉस्पिटलमधला डोस घेऊन आलेला. दरवर्षी नवी फाईल उघडली, तर ही बेरीज करणार कोण?

दुसरं सॉफ्टवेअर घेणार असाल तर डेमोत त्यांच्या नमुना डेटावर जाऊ नका. तुमचाच मागच्या तिमाहीचा टीएलडी रिपोर्ट भरून दाखवायला सांगा. एखादं रीडिंग चुकीच्या एककात टाका. मग एक नोंद खोडा आणि ती कोणी, कधी खोडली हे सापडतं का बघा. बहुतेक डेमो इथेच अडखळतात.

दराबद्दल: कोटेशनमध्ये होता तोच लावलाय, वर काही नाही. वर्गणी पुढे चालू ठेवायची नसेल, तर तुमच्या सगळ्या नोंदी एक्सेलमध्येच उतरवून घेता येतात. बटण सेटिंग्जमध्ये आहे, त्यासाठी आम्हाला फोन करावा लागत नाही.