'मासा पाण्याबाहेर आलाच नाही' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आमच्या सिरोंचाकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. म्हणे, माशांपासून चौपाये, म्हणजे चार हातपायांचे प्राणी, झाले हे थोतांड: मधला दुवा नाही, पोलंडच्या त्याहून जुन्या पाऊलठशांनी टिक्टालिक हा जीवाश्म मासा बाद केला, सीलाकँथ मासा आजही जसाच्या तसा आहे, तसं असतं तर मासे उरलेच नसते, आणि भारतात तर काहीच सापडलं नाही.

मधला दुवा नाही? कॅनडाच्या एल्समीअर बेटावर २००४ साली मिळालेला टिक्टालिक सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा. अंगावर खवले, परांना काड्या, म्हणजे मासाच. पण बाजारातल्या मरळीची मान वळवून बघा. वळत नाही, डोकं खांद्याच्या हाडांना जखडलेलं असतं. टिक्टालिकची मान मोकळी होती. पुढच्या परात आधी दंडाचं एक हाड, मग दोन, मग मनगटासारखी बारकी हाडं. आपल्या हाताचाच क्रम. त्यानंतरचा ग्रीनलंडचा अ‍ॅकँथोस्टेगा तर पायाला आठ बोटं असूनही कल्ले बाळगून होता.

पोलंडचा मुद्दा तेवढा दमदार, बाकीची भरती. झाखेल्मीचे ठसे २०१० साली प्रसिद्ध झाले, वय सुमारे ३९ कोटी वर्षं. काही अभ्यासकांना ते माशांनी चरताना केलेले खड्डे वाटतात. पण समजा, पावलंच आहेत. मग चौपाये आधीच आले होते आणि टिक्टालिक आपला थेट पूर्वज नाही, एवढंच ठरतं. तो चुलत घराण्यातला. चुलत आजोबा नातवाच्या बारशाला हजर असले म्हणून नातं खोटं ठरतं का? तारीख मागे सरकली, घटना रद्द झाली नाही.

सीलाकँथ १९३८ साली दक्षिण आफ्रिकेत जिवंत मिळाला, खरं. पण तो जीवाश्मांतल्या प्रजातींपैकी नाही, त्याची प्रजात वेगळी. शिवाय चौपायांचे सगळ्यात जवळचे जिवंत नातलग तो नव्हे, फुप्फुसमासे. प्राणहितेपलीकडे मालेरीला त्यांच्या जुन्या भाईबंदांचे दात मिळालेत. त्यातल्या एकाला नागपूरचे मिशनरी हिस्लॉप यांचं नाव आहे.

मासे का उरले? एक शाखा बाहेर पडली, बाकीच्या पाण्यातच राहिल्या. यात अडतंय काय?

राहिला भारत. नागपूरच्या दक्षिणेला मांगलीच्या दगडांत ब्रॅकिऑप्स या उभयचराची चपटी कवटी मिळाली, ब्रिटिश शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेनने १८५० च्या दशकात तिचं वर्णन केलं. ती मधला दुवा नव्हे. तोवर चौपाये येऊन दहा कोटींहून अधिक वर्षं लोटली होती. पण 'काहीच नाही' म्हणणाऱ्याने निदान विदर्भात तरी शोधायचं होतं.