क्रॉस-लिंकिंगनंतर सेल काउंट कमी आला म्हणजे पेशी मेल्या का?

नमस्कार. केराटोकोनस म्हणजे कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) पातळ होऊन पुढे येणं, आणि क्रॉस-लिंकिंग म्हणजे रायबोफ्लेविनचे (ब-२ जीवनसत्त्वाचे) थेंब आणि अतिनील किरण देऊन तो घट्ट करणं. ते केल्यावर तुमच्या भावाचा एंडोथेलियल सेल काउंट, म्हणजे कॉर्नियाच्या सर्वांत आतल्या थरातल्या (एंडोथेलियममधल्या) पेशींची दर चौरस मिलिमीटरमधली संख्या, २७०० वरून २५५० वर आला, आणि तरी मी हा उपचार सुरक्षित म्हणतो, हा तुमचा आक्षेप. तुमची काळजी रास्त आहे. या पेशी एकदा गेल्या की परत तयार होत नाहीत. शेजारच्या पेशी पसरून जागा भरतात, पण त्या फारच कमी उरल्या तर कॉर्नियातलं पाणी उपसलं जात नाही आणि तो सुजून धुरकट होतो.

मात्र एवढ्या फरकावरून पेशी मेल्या असं मी म्हणणार नाही. स्पेक्युलर मायक्रोस्कोप इवल्याशा भागाचा फोटो काढून त्यातल्या पेशी मोजतो. जागा जराशी सरकली तरी त्याच डोळ्याचा आकडा पाचेक टक्के इकडेतिकडे होतो, त्यात केराटोकोनसमध्ये फोटो स्पष्ट मिळणंच कठीण. त्याच यंत्रावर, बरोबर मधोमध पुन्हा मोजून घ्या.

खरी मेख कॉर्नियाच्या जाडीत आहे. मूळ पद्धतीत ३ मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटर तीव्रतेचे अतिनील किरण ३० मिनिटं देतात. त्यातले बरेचसे रायबोफ्लेविन वाटेतच शोषून घेतं. ४०० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीच्या कॉर्नियात खाली एंडोथेलियमपर्यंत साधारण ०.१८ मिलिवॅट पोचतात, प्रयोगशाळेत इजा दिसली ती सुमारे ०.३५ मिलिवॅटला. म्हणजे दुपटीचीच सवलत, आणि ती पटकन संपते. रिपोर्टवर जाडी ४४० मायक्रॉन लिहिली असेल तर त्यात एपिथेलियम, म्हणजे वरची सुमारे ५० मायक्रॉनची पातळ त्वचा, धरलेली असते. उपचारात ती खरवडली की उरले ३९०. शिवाय डेक्स्ट्रान (एक प्रकारची साखर) असलेले रायबोफ्लेविनचे थेंब पाणी ओढून कॉर्निया आणखी पातळ करतात. म्हणून किरण सुरू करण्याआधी, सर्वांत पातळ जागी, पुन्हा पॅकिमेट्री (जाडीची मोजणी) करायलाच हवी, यावर मी ठाम आहे. जाडी ४०० पेक्षा कमी भरली तर हायपो-ऑस्मोलर (क्षार कमी असलेल्या) थेंबांनी कॉर्निया फुगवता येतो, किंवा जाडीनुसार किरणांचा वेळ कमी करता येतो.

मी सुरक्षित म्हणतो ते या अटीवर. भावाच्या फाइलमध्ये ऑपरेशनच्या वेळची जाडी नोंदवली आहे का ते बघा. सकाळी उठल्यावर जास्त धूसर दिसून दुपारपर्यंत निवळत असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा. सूज असल्याचं ते लक्षण असू शकतं. केराटोकोनस बहुतेकदा दोन्ही डोळ्यांत असतो, तेव्हा दुसऱ्या डोळ्याची तारीख ठरण्याआधीच ही जाडी कधी आणि कशी मोजणार ते विचारून घ्या.