‘संसदेकडे अर्ज म्हणजे वेळेची नासाडी’: या फॉरवर्डला उत्तर

हा मजकूर कधी सोसायटीच्या ग्रुपवर येतो, कधी शाळेच्या. दर वेळी खाली पाच-सहा अंगठे वर झालेले असतात. मजकूर थोडक्यात असा:

“संसदेकडे अर्ज करायचा हक्क नावापुरता आहे. एक, साध्या माणसाचा अर्ज तिथे कुणी घेत नाही. दोन, लाखभर सह्या नसतील तर तो उघडूनही बघत नाहीत. तीन, अर्ज तपासणाऱ्या समितीला काडीचा अधिकार नाही, ती नुसती शिफारस करते. चार, अशा अर्जातून आजवर एकही कायदा बदललेला नाही. पाच, टिळकांनीसुद्धा अर्जविनंत्यांना भिक्षा म्हटलं होतं. सहा, हक्क हवा असेल तर सरळ कोर्टात जा.”

यातला एक मुद्दा बराचसा खरा आहे. बाकीचे अर्धवट आहेत किंवा चक्क दुसऱ्या देशातून उचललेले. चौथा आधी घेते, कारण तो नुसत्या तारखा पाहिल्या तरी निकालात निघतो.

“एकही कायदा बदललेला नाही.”

2019 सालापर्यंत हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराचा ‘असाध्य’ कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं. मुस्लिम विवाह-विच्छेदाच्या 1939 च्या कायद्यात, 1954 च्या विशेष विवाह कायद्यात आणि ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या 1869 च्या घटस्फोट कायद्यातही हा रोग घटस्फोटाच्या कारणांत बसवलेला होता. बहुविध औषधोपचार आपल्याकडे 1980 च्या दशकात आला. सहा महिने ते वर्षभर गोळ्या घेतल्या की रोगी बरा होतो, आणि औषध सुरू झाल्यावर संसर्गाची भीतीही लवकरच संपते. दवाखान्यात रोग बरा होत होता, कायद्याच्या पुस्तकात तो असाध्यच राहिला. आनंदवन, अमरावतीचं तपोवन, वर्ध्याजवळचं दत्तपूर ही कुष्ठरुग्णसेवेची नावं ज्या राज्यात शाळकरी पोरांना माहीत असतात, तिथेही हे कलम लागू होतं. सेवाकार्याचं कौतुक करताना आपण कायद्याकडे पाहिलंच नाही, असं मला वाटतं.

2007 मध्ये माजी केंद्रीय मंत्री राम नाईक यांनी कुष्ठरुग्णांसाठी काम करणाऱ्या मंडळींसह राज्यसभेकडे अर्ज दिला. मागणी होती कुष्ठपीडितांना समाजात सामावून घेण्याची आणि त्यांच्या सक्षमीकरणाची. तो अर्ज तपासणाऱ्या याचिका समितीकडे गेला. तेव्हा समितीचे अध्यक्ष वेंकय्या नायडू होते. ऑक्टोबर 2008 मध्ये समितीचा 131 वा अहवाल आला, आणि त्यात भेदभाव करणारे हे जुने कायदे बदला, असं स्पष्ट म्हटलेलं होतं. पुढे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या शिफारशी आल्या, 2015 मध्ये विधी आयोगाचा 256 वा अहवाल आला. शेवटी वैयक्तिक कायदे दुरुस्ती विधेयक लोकसभेने जानेवारी 2019 मध्ये आणि राज्यसभेने फेब्रुवारीत मंजूर केलं. पाच कायद्यांतून कुष्ठरोगाचा उल्लेख काढून टाकला गेला. हे विधेयक का आणलं, हे सांगणाऱ्या सरकारच्या निवेदनात याचिका समितीच्या 131 व्या अहवालाचा उल्लेख आहे.

आता कुणी म्हणेल, अर्जानंतर अकरा वर्षं लागली. लागली. आणि एकट्या अर्जाने हे झालं असंही मी म्हणत नाही. पण फॉरवर्डचा दावा ‘उशीर होतो’ असा नाही, ‘एकदाही झालं नाही’ असा आहे.

“साध्या माणसाचा अर्ज घेत नाहीत.”

इथे फॉरवर्डवाला मला पकडू शकतो. राम नाईक काही साधे अर्जदार नव्हते. 2004 ची निवडणूक ते हरले होते, म्हणजे अर्ज देताना खासदार नव्हते हे खरं. पण केंद्रात मंत्री राहिलेल्या माणसाला कुठला कागद कुठे सरकवायचा ते ठाऊक असतं. हा फायदा तुम्हा-आम्हाला नाही, हे मान्य.

तरी ‘घेत नाहीत’ हे चूकच. लोकसभेच्या नियमांप्रमाणे अर्ज खासदारामार्फत सभागृहात सादर करता येतो किंवा थेट महासचिवांकडे पाठवता येतो. खासदार सादर करणार असेल तर त्याची प्रतिस्वाक्षरी लागते. त्याने सभागृहात ठरलेलं एक वाक्य म्हणायचं आणि खाली बसायचं, भाषण नाही की चर्चा नाही. नियमांच्या शेवटी अर्जाचा नमुना दिलेला आहे. वर ‘लोकसभेस’, मग अर्जदार कोण, मग हकिगत, शेवटी नेमकी मागणी. खाली तीन रकाने: नाव, पत्ता, सही किंवा अंगठा. अंगठासुद्धा चालतो, हे मुद्दाम सांगते. भाषा सभ्य हवी. अर्जासोबत पत्रं, प्रतिज्ञापत्रं, कात्रणं असलं काहीही जोडायचं नाही. आपल्याकडच्या अर्जदाराला हीच अट सगळ्यात जड जाते, कारण झेरॉक्सचा गठ्ठा जोडल्याशिवाय अर्जाला वजन येत नाही अशी आपली पक्की समजूत. म्हणजे जे सांगायचं ते त्या पानांतच सांगावं लागतं.

आणि अर्ज या साच्यात बसला नाही तरी सगळे दरवाजे बंद होत नाहीत. लोकसभाध्यक्षांच्या निर्देशांनुसार लोकसभेची याचिका समिती साधी निवेदनं आणि पत्रंही विचारात घेते. निनावी असेल तर मात्र नाही.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. अर्ज मराठीत लिहिला तर सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर, तेही सही करून, अर्जदारानेच द्यायचं. घटनेचं कलम 350 सांगतं की कुठल्याही अधिकाऱ्यापुढे किंवा प्राधिकरणापुढे कुणालाही आपलं गाऱ्हाणं संघराज्यात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडता येतं. मग भाषांतराचं ओझं संसदेच्या सचिवालयाने उचलायला हवं, गडहिंग्लजच्या शेतकऱ्याने नव्हे. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने हा मुद्दा घेतला असता तर मीही अंगठा वर केला असता.

“लाखभर सह्या लागतात.”

हा आकडा ब्रिटनचा. तिथे संसदेच्या संकेतस्थळावरच्या अर्जाला 10,000 सह्या झाल्या की सरकार उत्तर देतं आणि 1,00,000 झाल्या की चर्चेसाठी विचार होतो. आपल्या संसदेत अशी अट नाही, एका सहीचा अर्जही चालतो. दुसरं, खासगी संकेतस्थळांवर ‘सही करा, शेअर करा’ म्हणून जे फिरतं, तो संसदेकडचा अर्ज नव्हेच. लाखो क्लिक झाले तरी याचिका समितीपुढे त्याची नोंद होत नाही.

आणि सह्यांचा ढीग म्हणजे ताकद, हेही ब्रिटनमध्येच खोटं ठरलंय. 2019 मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडणं रद्द करा, या अर्जावर साठ लाखांहून जास्त सह्या झाल्या. सरकार हललं नाही. उलट स्कॉटलंडच्या संसदेत एका सहीवरही अर्ज दाखल होतो. 2014 मध्ये तिथे दोन बायकांनी अर्ज केला. शस्त्रक्रियेत शरीरात बसवलेल्या कृत्रिम जाळीने त्यांच्यासारख्या अनेकींचं आयुष्य वेदनेचं करून टाकलं होतं. समितीने त्यांना समोर बसवून ऐकलं. त्याच वर्षी आरोग्यमंत्र्यांनी रुग्णालयांना त्या जाळीचा वापर स्थगित करायला सांगितलं, 2018 मध्ये तो थांबवण्यात आला, आणि 2022 मध्ये जाळी काढून घेण्यासाठी पदरचे पैसे मोजलेल्या बायकांना खर्च परत देण्याचा कायदा झाला.

“समितीला अधिकार नाही, नुसती शिफारस.”

हा मुद्दा बराचसा खरा आहे, म्हणून याच्यावर जरा थांबते.

‘वन रँक वन पेन्शन’ आठवतंय? एकाच हुद्द्यावरून, तेवढीच वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या दोन सैनिकांना, एक आधी निवृत्त झाला आणि एक नंतर, एवढ्याच कारणाने वेगवेगळी पेन्शन का, हा प्रश्न. सातारा-सांगलीकडे ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या फौजेत जातात, तिथे हा विषय जेवताना निघायचा. त्यावरचा अर्ज राज्यसभेच्या याचिका समितीपुढे आला. अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी. होय, तेच, नंतर आपले राज्यपाल झालेले. डिसेंबर 2011 मध्ये अहवाल आला. संरक्षण मंत्रालयाने प्रशासकीय, कायदेशीर आणि आर्थिक अशा तिन्ही अडचणी पुढे केल्या होत्या, समितीला त्या पटल्या नाहीत. तिने योजना लागू करा असं सुचवलं, आणि ‘वन रँक वन पेन्शन’ म्हणजे नेमकं काय याची व्याख्याही लिहून ठेवली.

यात मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो खर्चाचा आकडा. वर्षाला सुमारे 1300 कोटी, आणि त्यातले 1065 कोटी अधिकारी हुद्द्याखालच्या जवानांचे. ‘हे सगळं बड्या अधिकाऱ्यांसाठी चाललंय’ असं म्हणणाऱ्यांची बोलती बंद करायला तो पुरेसा होता. हा हिशेब मंत्रालयाच्या फायलीतून निघून छापील अहवालात आला, तो समितीने विचारला म्हणून.

पुढे फेब्रुवारी 2014 च्या अंतरिम अर्थसंकल्पात घोषणा झाली. मग दिल्लीत जंतरमंतरवर माजी सैनिकांचं आंदोलन झालं, सप्टेंबर 2015 मध्ये संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांनी योजना जाहीर केली आणि नोव्हेंबरात आदेश निघाला. पेन्शनची फेरनिश्चिती दर पाच वर्षांनी ठेवल्याने नाराज झालेले माजी सैनिक सर्वोच्च न्यायालयात गेले. मार्च 2022 मध्ये न्यायालयाने सरकारची योजना योग्य ठरवली आणि सांगितलं की कोश्यारी समितीचा अहवाल म्हणजे सरकारचं धोरण नव्हे.

घ्या, फॉरवर्डवाल्याचं म्हणणं सर्वोच्च न्यायालयानेच शिक्कामोर्तब करून दिलं. अहवाल सरकारला बांधील करत नाही. पण त्यावरून ‘काडीचा अधिकार नाही’ म्हणणं म्हणजे समिती काय करते ते न पाहताच बोलणं. लोकसभेच्या समितीत 15 सदस्य, राज्यसभेच्या समितीत 10. मंत्र्याला लोकसभेच्या समितीवर नेमताच येत नाही. ती मंत्रालयाकडून लेखी म्हणणं मागवते, सचिवांना साक्षीला बोलावते, अहवाल सभागृहात ठेवते, आणि त्यावर काय कारवाई केली ते पुन्हा विचारते. तुमच्या-माझ्या पत्राला मंत्रालय ‘आपलं पत्र मिळालं’ एवढं उत्तर देतं, दिलं तर. समितीपुढे मात्र मंत्रालयाला कारणं द्यावी लागतात. दिलेलं कारण एकदा कागदावर आलं की ते खोडून काढता येतं. पेन्शनच्या बाबतीत नेमकं तेच झालं.

एक कडू गोष्टही सांगून टाकते. ही वाट फक्त आपल्या बाजूच्या लोकांसाठी नाही. शाळांतल्या लैंगिक शिक्षणाच्या विरोधात असाच एक अर्ज राज्यसभेकडे गेला आणि 2009 मध्ये समितीने अर्जदारांच्या बाजूने कौल दिला. मला तो अहवाल अजिबात पटत नाही. पण दुसऱ्या बाजूने कितीजणांनी तेवढ्या तयारीने म्हणणं मांडलं होतं, हा प्रश्न मला जास्त छळतो.

“टिळकांनी भिक्षा म्हटलं होतं.”

मवाळांच्या अर्जविनंत्यांवर टिळकांनी कोरडे ओढले, हे खरं. पण पुढचं कुणी सांगत नाही. 1895 मध्ये पुण्याची सार्वजनिक सभा टिळकांच्या गटाच्या हाती आली. हीच ती सभा, जिने 1875 मध्ये हिंदुस्थानला ब्रिटिश संसदेत थेट प्रतिनिधित्व द्या, असा हजारो सह्यांचा अर्ज विलायतेला धाडला होता. 1896 च्या दुष्काळात टिळकांनी सभेची माणसं गावोगाव पाठवली. सरकारच्याच दुष्काळ संहितेप्रमाणे तुम्हाला सवलत मिळायला हवी, ती मागा, असं ती शेतकऱ्यांना सांगू लागली. सरकारकडे निवेदनं जाऊ लागली. 1897 मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली, म्हणजे सार्वजनिक प्रश्नांवर सरकारकडे दाद मागण्याचा तिचा अधिकारच नाकारला. भिक्षापात्राला सरकार एवढं का घाबरलं असेल? आणि 1919 मध्ये टिळकांनी स्वतः लंडनला ब्रिटिश संसदेच्या संयुक्त समितीपुढे साक्ष दिली होती. त्यांचा राग अर्जावर नव्हता, अर्ज टाकून घरी बसण्यावर होता.

“सरळ कोर्टात जा.”

जा की. पण कुष्ठरोगाच्याच प्रकरणात कोर्टात काय झालं ते पाहून जा. ओडिशात नगरपालिकेवर निवडून आलेल्या एकाचं पद कुष्ठरोगाच्या कारणावरून गेलं, कारण तिथल्या 1950 च्या कायद्यात तशी अपात्रता होती. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला. 2008 मध्ये, म्हणजे याचिका समितीचा अहवाल आला त्याच वर्षी, न्यायालयाने ती तरतूद वैध ठरवली आणि अशा तरतुदी ठेवायच्या की नाही याचा विधिमंडळांनी गांभीर्याने विचार करावा, असं म्हटलं. कायदाच चुकीचा असेल आणि न्यायालय तो घटनाबाह्य मानत नसेल, तर तो बदलू शकणाऱ्या सभागृहाकडे जाण्यावाचून गत्यंतर नाही.

शिवाय क्रम महत्त्वाचा आहे. न्यायालयात चालू असलेल्या विषयावर संसदेकडे अर्ज करता येत नाही. आधी कोर्टात धाव घेतली की ही वाट तेवढ्या काळापुरती बंद होते. राज्याच्या अखत्यारीतला विषय असेल तर दिल्लीला पाठवून उपयोग नाही, त्यासाठी आपल्या विधिमंडळात दोन्ही सभागृहांच्या विनंती अर्ज समित्या आहेत. आणि लोकसभेची मुदत संपत आली असेल तर राज्यसभेचा विचार करा. लोकसभा विसर्जित झाली की तिच्या याचिका समितीपुढचे अर्ज बाद होतात. राज्यसभा कधी विसर्जित होत नाही.