लाखाची पेन्शन कुठल्या गुरुजींना मिळते?

"झेडपीच्या मास्तराला पहिल्या दिवसापासून साठ हजार पगार, वर्षात सहा महिने सुट्टी, रिटायर झाल्यावर मरेपर्यंत लाख रुपये पेन्शन. संघटनेमुळे कुणी काढू शकत नाही. तरी यांचे संप! ही सगळी खैरात तुमच्या-आमच्या टॅक्समधून." हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. परवा भाऊजींनी तो आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. त्याच ग्रुपवर माझी भाची आहे. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षण सेविका आहे. ती ग्रुपवर काही बोलली नाही, रात्री मला फोन केला. "मावशी, मला पेन्शन आहे की नाही, हेच मला कुणी धड सांगत नाही."

मी एका अनुदानित माध्यमिक शाळेच्या कार्यालयात पगारबिलं आणि सेवापुस्तकं लिहिण्यात नोकरी काढली. मी 2005 च्या आधी लागले, मला जुनी पेन्शन आहे. त्यामुळे हे मी स्वतःसाठी लिहीत नाहीये.

आधी पहिल्या दिवसाचा पगार. भाचीला दरमहा 16,000 रुपये मानधन मिळतं. मानधन, पगार नव्हे. त्यावर महागाई भत्ता नाही, घरभाडे नाही, वेतनवाढ नाही, आणि हे तीन वर्षं. माध्यमिकला 18,000, उच्च माध्यमिकला 20,000. हे आकडेसुद्धा 1 जानेवारी 2023 पासूनचे. त्याआधी प्राथमिकचा शिक्षण सेवक 6,000 रुपयांत खोलीभाडं देऊन परजिल्ह्यात राहत होता. तीन वर्षांनी प्राथमिक शिक्षकाचं मूळ वेतन सुरू होतं ते 29,200 वर. साठ हजार पहिल्या दिवशी कुणाला मिळतात ते मेसेज लिहिणाऱ्याने दाखवावं.

आता पेन्शन. या मेसेजमधला सगळ्यात घातक भाग हाच, कारण तो वाचून नव्या शिक्षकांच्या घरचेही निर्धास्त होतात.

महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2005 ही तारीख लक्षात ठेवा. त्या दिवशी किंवा त्यानंतर जो शासकीय, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेच्या सेवेत लागला, त्याला जुनी पेन्शन नाही. (या तारखेच्या आधीच्या जाहिरातीतून नंतर रुजू झालेल्यांना 2024 मध्ये जुन्या पेन्शनचा पर्याय मिळाला, पण ते थोडे.) बाकीच्यांसाठी आली डीसीपीएस (परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना), पुढे तीच एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) गेली. मूळ वेतन अधिक महागाई भत्ता यांच्या 10 टक्के रक्कम दर महिन्याला शिक्षकाच्या पगारातून कापली जाते. शासन आपला हिस्सा घालतं, आता 14 टक्के. हा पैसा बाजारात गुंतवला जातो. निवृत्तीच्या वेळी जमा रकमेतले किमान 40 टक्के विमा कंपनीकडे ठेवावे लागतात आणि त्यावर जे मिळेल ती पेन्शन.

हिशेब करून बघा. समजा पंचवीस लाख जमले. त्यातले दहा लाख पेन्शनसाठी ठेवले आणि वर्षाला 6 टक्क्यांनी परतावा मिळाला, तर महिन्याला पाच हजार. त्यावर महागाई भत्ता नाही. आज पाच हजार, पंधरा वर्षांनीही पाच हजार.

आणि हे पंचवीस लाख जमले असतील तर. मी स्वतः बिलातून डीसीपीएसची कपात लावलेली आहे आणि त्या कपातीच्या हिशेबचिठ्ठ्यांसाठी वरच्या कार्यालयात वर्षानुवर्षं हेलपाटे घातले आहेत. शिक्षक येऊन विचारायचे, "मॅडम, माझे किती जमले?" माझ्याकडे फक्त किती कापले त्याचा आकडा असायचा.

2024 मध्ये शासनाने सुधारित योजनेचा पर्याय दिला, त्यात शेवटच्या पगाराच्या निम्म्याची हमी आहे, हे खरं. पण पर्याय द्यावा लागतो, सेवेची अट आहे आणि पगारातली कपात चालूच राहते.

बरं, माझ्यासारख्या जुन्या पेन्शनवाल्यांना तरी लाख मिळतात का? जुना नियम असा: शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मे, त्यावर महागाई भत्ता. 70,000 मूळ वेतनावर निवृत्त झालेल्याची पेन्शन 35,000. भत्ता 50 टक्के धरला तर 52,500. पेन्शनचा काही भाग विकला, म्हणजे आधीच एकरकमी उचलला असेल तर पंधरा वर्षं त्यातूनही वजावट. चांगली रक्कम आहे, मी नाकारत नाही. लाख नाही.

"खैरात" या शब्दावर मात्र मला मनापासून राग आहे. 17 डिसेंबर 1982 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने डी. एस. नाकरा खटल्याचा निकाल दिला. सरन्यायाधीश होते आपले यशवंतराव चंद्रचूड. निकालात स्वच्छ म्हटलं आहे की पेन्शन ही मालकाच्या मर्जीवर अवलंबून असलेली कृपा नाही, केलेल्या सेवेबद्दलचा तो हक्क आहे. ऐन उमेदीत जो मालकासाठी राबला त्याला म्हातारपणी उघड्यावर पडू देणार नाही, हा त्यामागचा सामाजिक न्याय. पेन्शनर लोक 17 डिसेंबर हा दिवस पाळतात तो याच निकालामुळे. भाऊजी स्वतः बँकेतून निवृत्त झाले आहेत. त्यांच्या पेन्शनला कुणी खैरात म्हटलं तर ते ऐकून घेतील का?

तिजोरीवर भार आहे, हे मान्य करावं लागेल. जुन्या योजनेत कर्मचाऱ्याची कपात नव्हती आणि दर वर्षी ही रक्कम वाढते. त्यावर चर्चा जरूर व्हावी, पण खरे आकडे घेऊन.

सुट्ट्या: माध्यमिक शाळांना रविवार सोडून वर्षाला जास्तीत जास्त 76. रविवार धरून चार महिन्यांच्या थोडं वर जातात, सहा नाहीत. त्या बदल्यात शिक्षकाला इतर कर्मचाऱ्यांसारखी अर्जित रजा साठवता येत नाही. शिवाय निवडणूक आणि जनगणना आहेच, ती कामं त्याला देण्याची मुभा शिक्षण हक्क कायद्यानेच ठेवलेली.

काढता येत नाही? खासगी शाळांसाठी 1977 चा सेवाशर्ती कायदा आहे. चौकशी करून दोषी ठरलेल्याला काढता येतं. फक्त संस्थाचालकाच्या लहरीवर काढता येत नाही, अन्याय झाला तर शाळा न्यायाधिकरण आहे. बोगस शालार्थ आयडीवर (शालार्थ म्हणजे शिक्षकांच्या पगाराची सरकारी संगणक प्रणाली) पगार उचलणारे नागपूरच्या प्रकरणात 2025 मध्ये सापडले, त्यांची बाजू मी घेणार नाही. पण ज्यांची नेमणूक खरी आहे त्यांच्याही डोक्यावर टांगती तलवार आहे: 1 सप्टेंबर 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते आठवीच्या, पाच वर्षांहून जास्त सेवा उरलेल्या आणि टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) न झालेल्या शिक्षकांना दोन वर्षांत ती उत्तीर्ण होण्याची अट घातली.

राहिला संप. 14 ते 20 मार्च 2023. "एकच मिशन, जुनी पेन्शन" म्हणत शिक्षक रस्त्यावर आले आणि ऐन परीक्षांच्या दिवसांत आले. पालक चिडले, त्यांचं चुकलं नाही. जुनी पेन्शन काही परत मिळाली नाही. पण 31 मार्च 2023 च्या शासन निर्णयाने एनपीएसमधला कर्मचारी सेवेत असताना वारला तर त्याच्या घरच्यांना कुटुंब निवृत्तिवेतन आणि मृत्यू उपदान (ग्रॅच्युइटी) लागू झालं. त्याआधी 2005 नंतर लागलेला शिक्षक अपघातात गेला तर त्याच्या बायकोला हे कुटुंब निवृत्तिवेतन नव्हतं. ते मागून मिळालेलं नाही. सात दिवस शाळा बंद ठेवणाऱ्यांनी ते मिळवलं, आणि उद्या गरज पडलीच तर ते माझ्या भाचीच्या घरालाही मिळेल.