खिळ्याची दोन भोकं

परवा रात्री भाचीने एक फोटो पाठवला. वाकडमधल्या एका इमारतीवरची पाटी : 'मुलींसाठी पीजी, कॉट बेसिस, नो लॉक-इन'. खाली तिचा प्रश्न होता. "मामा, बाहेर नो लॉक-इन लिहिलंय, पण आत म्हणतात तीन महिन्यांच्या आधी सोडलं तर डिपॉझिट परत नाही. घेऊ का?"

ती बार्शीची. कॉलेज कर्वेनगरला, तिथेच तीन वर्षं चौघींच्या खोलीत राहिली. आता हिंजवडीला इंटर्नशिप लागली आहे. आधी दोन महिने, काम आवडलं तर पुढे चार. रोज कर्वेनगर ते हिंजवडी जा-ये करायची म्हणजे दिवसाचे तीन-साडेतीन तास रस्त्यातच जाणार. म्हणून तिला दोन महिन्यांची खोली हवी आहे. मागणी इतकी साधी, पण पुण्यासारख्या विद्यार्थ्यांवर चालणाऱ्या शहरात ती सरळ मार्गाने पुरी होत नाही. मी २०१४ पासून म्युनिकमध्ये आहे. इथूनही हा प्रश्न मला सोडत नाही, कारण त्याच शहरात मी चार वर्षं एका कॉटवर काढली आहेत.

नारायण पेठेत माझ्या एका मित्राचा वडिलोपार्जित फ्लॅट आहे, तो मुलांना देतो. त्याला फोन करून म्हटलं, पोरांना खोली देताना सगळं कागदावर घ्यायला हवं, तर म्हणाला, "तुम्ही तिकडे बसून कागद कागद करता. इथे मालकांना त्या भानगडीत पाडलंत तर ते पोरांना खोल्याच देणार नाहीत. आज निदान संध्याकाळी एसटीतून उतरलेल्या पोराला रात्री पाठ टेकायला कॉट मिळते."

त्याचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, कारण एसटीतून उतरलेलं ते पोर मीच होतो. जुलै २००९ मध्ये बार्शीहून स्वारगेटला उतरलो, तेव्हा हातात पत्र्याची ट्रंक आणि गादीची वळकटी होती. त्याच रात्री सदाशिव पेठेत कॉट मिळाली. एका खोलीत सहा लोखंडी कॉट, प्रत्येकीखाली एक ट्रंक, डोक्याशी एक खिळा आणि खिडकीला बांधलेली एकच वाळत घालायची दोरी. पलीकडच्या कॉटवर एमपीएससी करणारा परभणीचा दादा होता. माझं नाव विचारायच्या आधी त्याने विचारलं, "जेवलास का?" आणि मला मेसला घेऊन गेला. कोणी ओळखपत्र मागितलं नाही, मुलाखत घेतली नाही. वार लावून जेवणाऱ्या मुलांना सांभाळलेलं हे शहर आहे. डॉ. अच्युतराव आपट्यांनी १९५५ मध्ये विद्यार्थी सहायक समिती काढली, तीही खेड्यातल्या गरीब मुलांना राहायला जागा मिळावी म्हणून. पुण्याचा हा गुण खरा आहे आणि त्याची किंमत मला म्युनिकला आल्यावर कळली.

इथे मी पहिले तीन आठवडे कोल्हापूरच्या एका सिनियरच्या खोलीत जमिनीवर झोपलो. शेअर फ्लॅटला इथे 'वेगे' म्हणतात. खोली रिकामी झाली की उरलेले रूममेट पंचवीस-तीस जणांना बोलावतात आणि स्वयंपाकघरात बसवून प्रश्न विचारतात. भांडी कधी घासतोस, सकाळी किती वाजता उठतोस, पाहुणे येतात का? सतरा ठिकाणी मला नकार आला. एकाने घर दाखवायच्या आधीच नऊशे युरो मागितले, सिनियरने वेळेवर थांबवलं म्हणून वाचलो. काही जण खोली देतात पण तू इथे राहतोस असा मालकाचा दाखला देत नाहीत, आणि त्याशिवाय पत्त्याची सरकारी नोंदणी होत नाही. नवीन आलेल्या मुलाची पुढची सगळी कामं तिथेच अडतात. तेव्हा इथे सगळं छान आहे असं मी कोणाला सांगणार नाही. आत शिरलेल्याला हे शहर सांभाळतं आणि बाहेरच्याला ताटकळत ठेवतं.

पण आत शिरल्यावरचं सांभाळणं काय असतं, ते पुण्यातल्या माणसाला नीट सांगायला हवं. अठराव्या ठिकाणी मला खोली मिळाली. डिपॉझिट किती घ्यायचं याला जर्मन कायद्यात मर्यादा आहे. हीटिंग वगैरे सोडून जे मूळ भाडं असतं, त्याच्या तीन महिन्यांइतकं, त्याहून जास्त नाही. तेही भाडेकरू तीन हप्त्यांत देऊ शकतो, आणि ते पैसे मालकाला स्वतःच्या पैशांपासून वेगळे ठेवावे लागतात. किल्ली देण्याआधी घरमालकीण एक कागद घेऊन खोलीभर फिरली. सत्तरीची बाई, चष्मा गळ्यात. भिंत न् भिंत पाहिली आणि लिहिलं : खिडकीच्या डावीकडे खिळ्याची दोन भोकं, दाराच्या चौकटीवर ओरखडा, विजेच्या मीटरचा आकडा. दोघांनी सह्या केल्या. २०१७ मध्ये मी खोली सोडली तेव्हा तिने तोच कागद काढला, भोकांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, ही आधीचीच. हीटिंगचा हिशेब झाल्यावर डिपॉझिट पूर्ण परत आलं.

सदाशिव पेठेतून निघालो तेव्हा माझे तीन हजार 'रंगाचे' म्हणून कापले होते. भिंतीवरचा तो खिळा माझ्या आधीपासूनचा होता. पण ते सांगणार कशाच्या आधारावर? माझ्या नावाचा एक चिटोरासुद्धा नव्हता.

लवचिकपणाचं म्हणाल तर जर्मन कायदा मुळीच लवचिक नाही, भाडेकरूलाही तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. सोय वेगळ्या वाटेने होते. २०१५ च्या उन्हाळ्यात मला हॅम्बुर्गला तीन महिन्यांचं काम मिळालं. मी मालकिणीची परवानगी घेतली आणि तेवढ्या काळापुरती माझी खोली दुसऱ्या एका विद्यार्थ्याला दिली. परत आल्यावर माझी गादी, माझी पुस्तकं जागच्या जागी होती. अशा पोटभाड्याला रास्त कारण असेल तर मालकाला ते सहसा नाकारता येत नाही. सुट्टीच्या दिवसांत अशा खोल्या हजारोंनी निघतात आणि दुसऱ्या गावाहून आलेला विद्यार्थी त्यांत राहतो.

पुण्यात पोटभाडेकरू हा शब्द आजही शिवीसारखा वापरतात. माझी भाची दोन महिने हिंजवडीला गेली तर कर्वेनगरची कॉट एक तर सोडायची, नाही तर दोन्हीकडे भाडं भरायचं. एखादी मुलगी ती कॉट घ्यायला तयार असली तरी तसं करता येत नाही.

बरं, आपल्याकडे कायदा नाही असं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती जागा राहायला देण्याचा, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की दोन. नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. नोंदवला नसेल तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. हे किती मुलांना ठाऊक आहे? आणि 'पीजी' या शब्दाचं काय झालंय बघा. त्याच कायद्यात पेइंग गेस्ट म्हणजे मालक स्वतः राहतो त्या जागेचा काही भाग ज्याला राहायला दिला तो. चाळीस कॉटची इमारत आणि मालक औंधला, हे त्या व्याख्येत बसत नाही. पाटीवर पीजी लिहिलं म्हणून ती जागा कायद्याच्या लेखी पीजी होत नाही.

भाचीला त्या इमारतीत तीन महिन्यांच्या अटीसाठी जीएसटीचं कारण सांगितलं. त्यात तथ्य आहे. २०२४ पासून महिना २०,००० रुपयांपर्यंतच्या अशा निवासाला सूट आहे, पण सलग ९० दिवस राहिलं तरच. म्हणजे दोन महिन्यांसाठी आलेल्या विद्यार्थ्यावर कर लागू शकतो. ही अट विद्यार्थ्यांपुरती तरी काढायला हवी, असं मला मनापासून वाटतं. पण कराचा फरक भाड्याच्या काही टक्क्यांचा, आणि ही मंडळी गिळतात अख्खं डिपॉझिट. हे दोन हिशेब एकत्र करू देऊ नयेत.

आपल्याकडे वाद पेटतो तो गेट किती वाजता बंद व्हावं, मुलींनी मित्र आणावेत का, सोसायटीने बॅचलर्सना बंदी घालावी का यावर. ते प्रश्न लहान नाहीत. पण ज्या मुलीचे वीस हजार अडकलेत, ती गेटच्या वेळेवर तरी कशी बोलणार? गरीब घरातल्या मुलाचं तर विचारूच नका. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारची स्वाधार योजना आहे. तिच्यात पुण्यासारख्या शहरासाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरवले, त्यातले राहण्यासाठी २०,०००. महिन्याला सतराशेसुद्धा होत नाहीत. त्याचं डिपॉझिट बुडालं तर तो दुसरं कुठून आणणार?

मित्राला मी एवढंच म्हटलं, की मालकाला त्रास न देता एक गोष्ट उद्यापासून करता येईल. डिपॉझिट घेताना पावती द्या आणि खोलीत काय आहे, कसं आहे, ते एका कागदावर लिहून दोघांनी सही करा. तो म्हणाला, "बघतो."

भाचीने वाकडची इमारत सोडली. तिथल्याच एका काकूंकडे, त्यांच्या राहत्या घरातली एक खोली तिने दोन महिन्यांसाठी घेतली, एक महिन्याचं डिपॉझिट देऊन. मी सांगितल्याप्रमाणे वहीचं पान फाडून लिहायला बसली. कॉटचा एक पाय वाकडा. आरशाला कोपऱ्यात तडा. भिंतीवर तीन खिळे. काकूंनी पान दोनदा वाचलं, पेन मागितलं आणि सही करायच्या आधी म्हणाल्या, "पंखा आवाज करतो गं, तेही लिही."